एनएफएल गेम पास: नुसत्या टच डाउनसाठी घेऊ नका, डिफेन्स बघायचा असेल तर घ्या

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या सबस्क्रिप्शनचा आहे, हेल्मेटवाल्या, अंडाकृती बॉलवाल्या. मेस्सीवाला नाही. आणि रावेर-यावलकडे हे कोण बघतं भो असं विचारू नका, केळीला रात्रीची लाईट असली की मोटर चालू करून माणूस तसाही जागाच असतो, आणि यांच्या रविवारच्या पहिल्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की साडेअकराला. त्यानंतरच्या दोनच्या सुमाराला. रात्रीची मोठी मॅच तर आपल्याकडे सोमवारी सकाळी सहाच्या आसपास, दूध काढता काढता.

भाचा मिलवॉकीला, म्हणजे ग्रीन बेच्याच राज्यात आहे म्हणून टीम पण ठरलेली, ग्रीन बे पॅकर्स. हे ग्रीन बे म्हणजे लाखभर वस्तीचं गाव, आपल्या नंदुरबारएवढं, आणि तिथं एनएफएलची टीम! टीमला मालक शेठ नाही, पाच लाखांवर शेअरहोल्डर आहेत, डिव्हिडंड शून्य, शेअर बाजारात विकता येत नाही, तरी लोक हौसेनं घेतात. आपल्याकडच्या सहकारातल्या लोकांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

आता ॲपचं. त्यात लाईव्ह मॅच आहे, मधले थांबे कापून चाळीस मिनिटात आणलेली मॅच आहे, आणि तिसरी गोष्ट म्हणजे ऑल-२२. माझ्या मते पैसे फक्त या तिसऱ्यासाठी द्यायचे. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो, त्यामुळे डिफेन्सचे शेवटचे दोन गडी, सेफ्टी म्हणतात त्यांना, फ्रेममध्ये नसतातच. ऑल-२२ मध्ये वरून उंचावरून बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात, एकदा बाजूने आणि एकदा गोलपोस्टच्या मागून. कोच लोक हेच बघतात. कॉमेंट्री नाही, शो-शा नाही, सुरुवातीला कंटाळा येईल, पण एकदा डोळा बसला की साधी मॅच बघवत नाही.

याचा खरा उपयोग कळला २०२४ च्या सीझनला. पॅकर्सनी जानेवारी २०२४ ला डिफेन्सचा कोच जो बॅरी याला काढला आणि बॉस्टन कॉलेजचा हेड कोच जेफ हाफ्ली आणला. मोठी गोष्ट अशी की २००९ पासून ही टीम ३-४ खेळत होती, म्हणजे पुढे तीन लाइनमन आणि मागे चार लाइनबॅकर, त्याच्यावर २०११ ला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल पण जिंकली, आणि हा बाबा म्हणाला आता ४-३. पेपरात सगळीकडे हेच, तीनचे चार झाले, चारचे तीन झाले. ऑल-२२ लावून बघा, बहुतेक वेळा मैदानावर पाच जण पासला अडवणारेच असतात, लाइनबॅकर दोनच, मग कसलं तीन आणि कसलं चार! बदल वेगळा होता. आधी पुढचा गडी समोरच्याला धरून ठेवायचा, डाव्या-उजव्या दोन्ही फटी बघायचा आणि मग ठरवायचा. आता एकच फट, बॉल हलला की घुस. कडेचे जे उभ्याने सुरुवात करायचे त्यांचा हात आता जमिनीला. आणि मागच्यांनी आपल्या माणसाच्या पाठीला न चिकटता नजर क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर ठेवायची. थंडीत शेतात भरीताचा कार्यक्रम होता, पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती तेव्हा टॅबवर हे दाखवलं तर आमचा एक जुना कबड्डीवाला लगेच म्हणाला, हा तर कव्हर आहे, रेडरच्या पायाकडे बघून उडी टाकतो तसा. बरोब्बर तेच.

पण स्कीम नुसती फळ्यावर काढून होत नाही, माणसं लागतात. पॅकर्सनी सेफ्टीची जुनी फळी जवळपास सगळी मोडली, न्यू यॉर्क जायंट्स टीमचा झेवियर मॅकिनी चार वर्षांसाठी ६ कोटी ७० लाख डॉलरला आणला आणि एकाच ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या वार्षिक निवडीत, अजून तीन सेफ्टी उचलले, बुलर्ड, इव्हन विल्यम्स आणि ओलाडापो. लाइनबॅकर म्हणून एजरिन कूपर. मॅकिनीने पहिल्या पाचही मॅचमध्ये एकेक इंटरसेप्शन घेतलं, म्हणजे समोरच्याचा पास मधेच पकडला, सीझनला आठ! हायलाइटमध्ये तो फक्त बॉल पकडताना दिसतो, ऑल-२२ मध्ये त्याच्या आधीचे दोन सेकंद दिसतात, तो कुठे उभा होता, क्वार्टरबॅकला काय दाखवलं आणि कधी निघाला. ते दोन सेकंद मी परत परत मागे घेऊन बघितलेत, घरचे वेडा म्हणतात.

उलट बाजू पण त्याच कॅमेऱ्यात दिसते. प्रेस्टन स्मिथ, आयुष्यभर उभ्याने खेळलेला, हात जमिनीला टेकवून जमलंच नाही त्याला, नोव्हेंबरात सातव्या राउंडच्या पिकवर, म्हणजे ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात, स्टीलर्स टीमला देऊन टाकला. केनी क्लार्क, सगळे म्हणत होते की नव्या पद्धतीत हा मोकळा सुटेल, आदल्या वर्षी साडेसात सॅक होत्या त्याच्या (पास फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडलं की सॅक), २०२४ ला एक. पायाच्या दुखण्यावर खेळत होता ते खरं, पण बघताना वाईट वाटायचं. आणि सॅक पण कशा, टायटन्सविरुद्ध एकाच मॅचला आठ, मग दोन-दोन आठवडे क्वार्टरबॅक निवांत उभा.

आकड्यांचं म्हणाल तर समोरच्याकडून बॉल हिसकावण्याची संख्या १८ वरून ३१ वर गेली. पण मॅचमागे दिलेले पॉइंट २०.६ वरून १९.९, एवढंच. म्हणून जे म्हणतात स्कीम बदलली आणि सगळं पालटलं त्यांना मी मानत नाही, माझ्या मते निम्मं श्रेय मॅकिनीचं. पुढच्या वर्षी क्लबला पण स्कीमपेक्षा माणूस लागतो असंच वाटलं असणार, ऑगस्ट २०२५ ला डॅलसकडून मायका पार्सन्स घेतला, बदल्यात हाच केनी क्लार्क आणि दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक.

आता अडचणी. मराठी सोडा, हिंदी कॉमेंट्री पण नाही, नवीन माणसाला पहिल्या महिन्यात डोक्यावरून जातं, त्याला शेजारी कोणीतरी समजावणारा पाहिजे. दुसरं म्हणजे आमच्याकडचं नेट. २०२४ ला पॅकर्सची सीझनची पहिली मॅच ईगल्सविरुद्ध ब्राझीलच्या साओ पाउलोला होती, आपल्याकडे ती लागली ७ सप्टेंबरच्या पहाटे, म्हणजे ऐन गणेश चतुर्थीला, आणि ईगल्सचा सॅक्वॉन बार्कली तिसऱ्यांदा टच डाउनला आत घुसला नेमकं तेव्हा ब्रॉडबँड बंद, केबलवाल्याला फोन लावला तर तो मूर्ती आणायला गेलेला. बाकी स्कोअर ३४-२९ हा भाच्याच्या मेसेजवरून कळला, आपण हरलो. त्यामुळे शेतावर असाल तर लाईव्हच्या नादी लागू नका, दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटवाली बघा, ती मोबाईल डेटावर पण नीट चालते.

ऑल-२२ मात्र मोठ्या स्क्रीनवरच, मोबाईलवर माणसं मुंग्यांएवढी दिसतात आणि सेफ्टी कोण न कॉर्नर, म्हणजे कडेला पास अडवणारा, कोण ते कळत नाही.

पाचपैकी चार देतो. वर्षभराचं घेणार असाल तर ऑगस्टअखेर घ्या, कारण सुपर बोल फेब्रुवारीत संपतो आणि मग सप्टेंबरपर्यंत खरी मॅच नसते. दोघा-तिघांत बघणार असाल तर सुरुवात टायटन्सविरुद्धच्या त्या आठ सॅकवाल्या मॅचपासून करा, बॉलकडे अजिबात बघू नका, पुढच्या चार जणांकडे बघा.