रानातला एक दिवस: कुशावतीकाठची कातळशिल्पं की तांबडी सुर्लचं मंदिर?

पुण्या-मुंबईकडून गोव्यात येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. किनारे पाहून झाले, जुनं गोवं झालं, मंगेशी-शांतादुर्गा झाली, आता एक दिवस उरलाय. रानात जायचं आहे आणि काहीतरी खरोखर जुनंही पाहायचं आहे, तर कुठे जाऊ? दूधसागर सगळ्यांना ठाऊक असतो, त्यासाठी कुणाच्या सल्ल्याची गरज नाही. मी दोन ठिकाणं सुचवतो. एक सांगे तालुक्यात, रिवणच्या पुढे कुशावती नदीच्या काठावर: उसगाळीमळ, ज्याला पणसायमळ असंही म्हणतात. दुसरं धारबांदोडा तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी: तांबडी सुर्लचं महादेव मंदिर. दोन्ही एकाच दिवसात उरकता येतील असं नकाशा पाहून वाटतं. तसं करू नका. एक तर रस्ते वळणावळणाचे आहेत, आणि दुसरं म्हणजे दोन्ही ठिकाणी सकाळचीच वेळ महत्त्वाची आहे.

आधी तांबडी सुर्ल, कारण तिथली निवड सोपी आहे. पणजीहून साधारण ६५ किलोमीटर, मोलेहून आत वळलं की १२-१३ किलोमीटर. रस्ता थेट मंदिरापर्यंत जातो. वयस्कर आई-वडील बरोबर असोत की लहान मुलं, कुणालाही त्रास होत नाही. मंदिर गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. आकाराने लहान, पण गोव्यात त्या काळातलं एवढं शाबूत राहिलेलं दुसरं देऊळ नाही. गोव्यातली घरं जांभ्याची, गडगे जांभ्याचे, किल्लेही जांभ्याचेच. इथे मात्र काळाभोर, बारीक कणांचा बेसॉल्ट आहे. तो घाटावरून उतरवला असावा असं अभ्यासक मानतात. घाटाच्या वाटा पाहिल्यात की त्यामागे किती माणसांचे कष्ट असतील याचा अंदाज येतो.

मंडपात शिरलात की घाईने गाभाऱ्याकडे जाऊ नका. एका खांबाच्या तळाशी हत्तीने घोड्याला पायाखाली घेतल्याचं शिल्प आहे, ते बरेच जण न पाहताच परततात. वर पाहा, छतात कमळ कोरलेलं आहे. समोरच्या नंदीचं डोकं उडवलेलं आहे. शिखर अपुरं राहिलं, की पुढे ढासळलं, यावर बोलणारे पुष्कळ भेटतील. पण शिखरावरचं ब्रह्मा-विष्णू-महेशाचं कोरीवकाम जमिनीवरूनही नीट दिसतं.

हे देऊळ वाचलं कसं, हा प्रश्न मला मंदिराच्या कलेइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं जमीनदोस्त केली, देव रातोरात नदीपलीकडे हलवावे लागले. तांबडी सुर्लचा मुलूख त्यांच्या हाती आला तो अठराव्या शतकात, नव्या काबिजादींबरोबर. तोवर त्यांचं धोरण मवाळ झालं होतं. शिवाय मध्ये एवढं दाट रान. मंदिराच्या पाठीमागे भिंतीसारखा उभा असलेला सह्याद्री पाहिला की इतिहासात भूगोल किती कामाला येतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

इथलं साहस म्हणजे रानातून धबधब्याकडे जाणारी पायवाट. हा सगळा भाग भगवान महावीर अभयारण्याचा, त्यामुळे वनखात्याची परवानगी आणि बरोबर वाटाड्या हवाच. पावसाळ्यात जळवा इतक्या असतात की थांबून फोटो काढणंही जड जातं, आणि दगड शेवाळलेले असतात. धबधब्यांवर जाण्यास पावसात अनेकदा बंदी असते; ती असेल तर मुकाट्याने मागे फिरा. गोव्यात दर पावसाळ्यात माणसं अशा ठिकाणी बुडतात.

आता उसगाळीमळ. इथे तयारीने जायला हवं, कारण पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसत नाही. नदीच्या वळणाला लागून जांभ्याचा सपाट कातळ पसरलेला असतो, भोवती झाडी, पलीकडे कुळागरं म्हणजे सुपारीच्या बागा, आणि पायाखाली काळपट-तांबडा खडबडीत दगड. मग डोळा सरावतो. एक रेष दिसते, ती वळते, तिला शिंगं फुटतात, पाठीवर वशिंड येतं, आणि आपण एका बैलाच्या चित्रावर उभे राहता राहता थबकलो हे कळतं. रेष बोट फिरवता येईल इतकी खोल आहे. ऊन तिरपं असलं की खाचेत सावली साठते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी तोच बैल सपाट दगडात मिसळून जातो. म्हणून सकाळी नऊच्या आत पोचा, नाहीतर चारनंतर. कोरडा कातळ असेल तर तांब्याभर पाणी ओतल्यावर रेषा स्पष्ट होतात. खडूने किंवा चुन्याने रेषा भरून फोटो काढणारे लोक असतात, तसं अजिबात करू नका. जांभा मऊ दगड आहे, आणि या रेषांना पर्याय नाही.

शंभराहून जास्त आकृती इथे आहेत: बैल, हरणं, मोर, नाचणारी बाई, माणसांच्या आकृती. सगळ्यांत जास्त वेळ मी थांबतो ते चक्रव्यूहापाशी. एकात एक वळत जाणाऱ्या रेषा, बाहेरून आत शिरणारी एकच वाट. नजरेने त्या वाटेने जायचा प्रयत्न करा. मध्ये कुठेतरी आपण परत बाहेरच्या फेरीत येतो आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. कुणी कोरलं, कशासाठी कोरलं, याचं उत्तर दगडात नाही.

गावकऱ्यांना ही जागा माहीत होती. १९९३ साली पुरातत्त्व खात्याच्या प्र. पां. शिरोडकर यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. वयाबद्दल एकमत नाही. काही जण हजारो वर्षं मागे, पुराश्मयुगाच्या अखेरीपर्यंत नेतात, काही जण नवाश्मयुगाच्या आसपास थांबतात. कार्बन पद्धतीने वय काढायला सेंद्रिय वस्तू लागते, आणि उघड्या कातळावर कोरलेल्या रेषेत ती नसते. त्यामुळे शैली, हत्यारं, कोणते प्राणी आहेत, यावरून तर्क करावा लागतो. वाटाड्याने छातीठोकपणे एकच आकडा सांगितला तर तो ऐका आणि बाजूला ठेवा.

ज्यांनी रत्नागिरी-राजापूरची कातळशिल्पं पाहिली आहेत त्यांना इथे आल्यावर नातं लगेच ओळखू येईल. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं एकत्र नोंदवली गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ वगैरे रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातून हेच एक. रिफायनरीचा वाद पेटला तेव्हा मराठी माणसाने बारसूसाठी जितका जीव टाकला, तितकाच या जागेसाठी टाकावा असं मला मनापासून वाटतं. तालुका खाणींचा आहे, वाटेत लाल मातीचे डोंगर उभे दिसतात. तेव्हा ही काळजी उगाच नाही.

दिवस उरला तर कुशावतीची साथ सोडू नका. रिवणला जांभ्यात कोरलेल्या गुंफा आहेत. गावात त्यांना पांडवांच्या म्हणतात, अभ्यासक बौद्ध भिक्षूंशी जोडतात. आत शिरताना वाकावं लागतं आणि विजेरी लागतेच. हीच नदी पुढे चांदरला जाते. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज राजघराण्याची आणि पुढे कदंबांचीही राजधानी. तिथे १९२९ साली इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी उत्खनन करून जुन्या देवळाचे अवशेष उघडे केले, आणि तिथल्याही नंदीला डोकं नाही. ज्या कदंबांचं देऊळ तांबडी सुर्लच्या रानात वाचलं, त्यांच्या राजधानीत उरला तो विटांचा पाया. हे कळायला चांदर पाहिलंच पाहिजे. ज्यांना धबधबाच हवा त्यांनी दिशा बदलून नेत्रावळीला जावं. सावरीचा धबधबा आहे, आणि गोपीनाथाच्या देवळाजवळचं बुडबुड्यांचं तळं मुलांना हमखास आवडतं.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे स्वतःचं वाहन लागतं. कदंब या सरकारी महामंडळाच्या बसगाड्या आहेत, पण थोड्या, आणि परतीची चुकली तर रानात अडकायला होतं. उसगाळीमळला मडगावहून केपे-रिवण मार्गे जा. दोन्हीकडे मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. पाणी आणि खाणं फोंड्याहून किंवा कुडचड्याहून घेऊन निघा.

ऋतू पाहून निवड आणखी सोपी होते. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तांबडी सुर्ल सर्वांत देखणं असतं: काळा दगड ओला, मागे हिरवा डोंगर, शेजारी भरलेली नदी. त्याच दिवसांत उसगाळीमळला कुशावती कातळावर चढलेली असू शकते, आणि उरला गाळ रेषा झाकून टाकतो. डिसेंबर-जानेवारीत हिशेब उलटा होतो. हवा कोरडी, ऊन तिरपं, कातळ स्वच्छ.

माझं मत विचाराल तर, पाय धड असतील आणि येणं हिवाळ्यात होणार असेल, तर उसगाळीमळ. देवळं तुम्ही महाराष्ट्रातही पाहता, अंबरनाथपासून सिन्नरच्या गोंदेश्वरापर्यंत. नदीकाठी उघड्यावर पडलेला असा कातळ मात्र क्वचितच पाहायला मिळतो. बरोबर सत्तरीतली आई असेल, किंवा पाऊस नुकताच थांबला असेल, तर मागेपुढे न पाहता तांबडी सुर्ल. महाशिवरात्र मात्र टाळा, त्या दिवशी तिथे भाविकांची रीघ असते आणि खांबांपाशी निवांत उभं राहायला मिळत नाही.