लिहून खेळायची आरपीजी: सुरुवात ‘डी अँड डी’ने करावी की ‘डंजन वर्ल्ड’ने?

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम: प्रत्येक खेळाडू गोष्टीतले एक पात्र होतो, मास्तर प्रसंग आणि शत्रू उभे करतो, आणि अवघड कृतीचा निकाल फाशांवर लागतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (‘डी अँड डी’) आणि ‘डंजन वर्ल्ड’ या अशा खेळाच्या दोन नियमावल्या. एका टेबलाभोवती न बसता, ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्याने आपल्या पात्राची कृती लिहून ठेवायची आणि मास्तरने त्यावर पुढचा प्रसंग लिहायचा, अशा प्ले-बाय-पोस्ट पद्धतीने खेळू पाहणारे बहुधा आधी माध्यमाची चौकशी करतात. तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गोष्टीसाठी एक आणि गप्पांसाठी दुसरे असे दोन चॅनेल उघडावेत आणि फासे टाकणारा एखादा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) बसवावा, म्हणजे कोणाला काय दान पडले ते सर्वांना दिसते; माझ्यापुरता माध्यमाचा विषय तिथे संपतो. खरा निर्णय नियमावलीचा आहे, कारण टेबलावर ज्या नियमाला दहा सेकंद लागतात, त्याच नियमाला लिहून खेळताना दोन दिवस लागू शकतात.

मी सोलापुरात राहून चार खेळाडूंसाठी असा खेळ चालवतो. एक ताई रुग्णालयात परिचारिका आहेत, एक जण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, एकाचे चाटी गल्लीत कापडाचे दुकान आहे आणि चौथा, माझा आतेभाऊ, नोकरीनिमित्त पुण्यात असतो. दोघांच्या कामाच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, दुकानदाराला रात्री नऊपर्यंत उसंत नसते. चौघांचा मोकळा तास एकाच वेळी येणे जवळजवळ अशक्य, म्हणून आम्ही या पद्धतीकडे वळलो. पहिले वर्षभर आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची २०१४ साली आलेली पाचवी आवृत्ती खेळलो आणि त्यानंतर ‘डंजन वर्ल्ड’वर आलो.

‘डी अँड डी’बद्दल माझ्या मनात आदरच आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिली आवृत्ती काढली आणि या छंदाची पायवाट तिथूनच पडली. पाचव्या आवृत्तीत पात्र घडवण्याचा आनंद मोठा आहे; वीस पातळ्यांपर्यंत काय काय घेता येईल याची आखणी आमचे दुकानदार मित्र गिऱ्हाईक नसताना वहीत करत बसत. भटकंती, संवाद, तपास हे प्रसंग लिहून खेळतानाही सुरेख रंगले. अडचण लढाईत आली.

आमच्या गोष्टीतला किल्ला आपल्या भुईकोट किल्ल्यावरून बेतलेला होता: बाहेर खंदक आणि तटाला लागून तळे. खंदकाच्या पुलावर चार हॉबगॉब्लिन (राक्षसी सैनिक) आडवे आले आणि दिवाळीनंतर सुरू झालेली ती चकमक हुरड्याचे दिवस आले तरी संपेना. इनिशिएटिव्हच्या, म्हणजे लढाईच्या सुरुवातीला फासे टाकून ठरलेल्या, क्रमाने एकेकाने आपली पाळी खेळायची, त्यामुळे रात्रपाळीवरून आलेल्या ताई झोपल्या की बाकीचे तिघे थांबणार, आणि त्या उठेपर्यंत सुपरवायझर कारखान्यात गेलेले असणार. एक फेरी पुरी व्हायला चार-पाच दिवस लागत. त्यातही चार दिवस वाट पाहून फासा टाकावा आणि वार चुकावा, म्हणजे लिहायला काही उरतच नसे.

तरीही केवळ संथपणामुळे मी पद्धत बदलली नसती. निर्णय झाला तो एका बाणावरून. मी लिहिले की हॉबगॉब्लिनने बाण सोडला, वीसबाजूंच्या फाशावर १३ पडले, त्यात हॉबगॉब्लिनचे ३ मिळवून १६ झाले, ताईंच्या जादूगाराचे चिलखत (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ असल्यामुळे बाण खांद्यात घुसला आणि आठपैकी सात हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारे गुण) गेले. पुढच्या दीड दिवसात आतेभावाने जखमी जादूगाराला ओढत आडोशाला नेल्याचे लिहिले आणि दुकानदारांनी संतापून केलेला प्रतिहल्ला लिहिला; तो परिच्छेद त्यांनी वर्षभरात लिहिलेल्या परिच्छेदांत सर्वांत चांगला होता. संध्याकाळी ड्यूटीवरून आलेल्या ताईंनी विचारले, “सर, माझा शील्डचा मंत्र शिल्लक आहे. तो मी तेव्हाच वापरला असता, चालेल का?” नियमाने ते बरोबर होते. वार लागल्या क्षणी हा मंत्र वापरता येतो, त्याने चिलखत ५ ने वाढून २० होते, आणि १६ चा बाण लागतच नाही. मला दोघांचे लेखन रद्द करावे लागले. ताईंना अपराधी वाटले, दुकानदार पुढचे आठ दिवस एकेका ओळीत उत्तरे देऊ लागले, आणि यात चूक कोणाचीच नव्हती. पाचव्या आवृत्तीत दुसऱ्याच्या पाळीत मध्येच करायच्या अशा प्रतिक्रिया पुष्कळ आहेत, आणि लिहून खेळताना ‘मध्येच’ असा क्षण उपलब्धच नसतो.

यावर उपाय नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. आम्ही सर्व खेळाडूंची बाजू एकदम खेळवून पाहिली, त्याने फेरीचा वेळ निम्म्याने तरी कमी झाल्यासारखा वाटला. ‘अमुक वार आला तर शील्ड वापरा’ अशा सूचना आधीच लिहून घेतल्या. पण शेवटचा मंत्र या बाणावर खर्चावा की पुढच्यासाठी राखावा, ही घालमेल हाच त्या पात्राचा आनंद होता आणि तो माझ्याकडे आला, हे मला बरे वाटले नाही.

‘डंजन वर्ल्ड’ २०१२ च्या सुमारास आले, आणि त्याचा सांगाडा २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’वरून घेतलेला आहे. त्यात इनिशिएटिव्ह नाही. शत्रूच्या हल्ल्यासाठी मास्तर वेगळा फासा टाकत नाही. खेळाडू दोन सहाबाजूंचे फासे टाकतो आणि पात्राचा गुण त्यात मिळवतो: १० किंवा अधिक आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होते पण किंमत मोजावी लागते, ६ किंवा कमी आले तर मास्तर संकट आणतो आणि खेळाडूला अनुभवाचा एक गुण मिळतो. तलवार चालवताना ८ पडले, तर तुमचा वार लागतो आणि शत्रूचाही लागतो. दोन्ही गोष्टी एकाच दानात, एकाच पोस्टमध्ये मिटतात. गुण +१ असेल तर ३६ शक्यतांपैकी १० पूर्ण यशाच्या, १६ अर्धवट यशाच्या आणि १० अपयशाच्या येतात; म्हणजे कोणतेही दान पडले तरी गोष्ट हलते. पुलासारखीच दुसरी चकमक आम्ही या नियमांनी खेळलो, ती नऊ दिवसांत संपली आणि एकही पोस्ट मागे घ्यावी लागली नाही.

याही नियमावलीत एक जागा अडते. संकट टाळण्याच्या चालीत (अमुक कृती केली की फासे टाका, अशा नियमाला येथे ‘चाल’ म्हणतात) ७ ते ९ आले की मास्तरने खेळाडूपुढे अवघड सौदा ठेवायचा असतो, आणि त्याच्या उत्तरासाठी पुन्हा थांबावे लागते. मी दोन पर्याय एकाच पोस्टमध्ये देतो आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत उत्तर आले नाही तर पहिला पर्याय धरला जाईल असे लिहितो. पात्र घडवण्याची हौस मात्र येथे कमी भागते, आणि दुकानदारांना आजही त्याची चुटपुट आहे. मास्तरलाही प्रत्येक अर्धवट यशाची किंमत नव्याने सुचावी लागते. टेबलावर मला ते दडपणाचे वाटले असते, पण लिहून खेळताना विचाराला रात्रभर वेळ मिळतो.

आपल्याकडे सुरुवात करणाऱ्यांसाठी भाषेचाही विचार आहे. ‘डंजन वर्ल्ड’चा मजकूर आणि ‘डी अँड डी’चे मूळ नियम (हे २०२३ पासून) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे आहेत, त्यामुळे श्रेय देऊन मराठीत आणायला हरकत नाही. ‘डंजन वर्ल्ड’च्या मुख्य चाली मी दोन रविवारांत मराठीत उतरवल्या, त्या दोन पाने भरल्या. ‘डी अँड डी’चे मंत्रच इतके आहेत की तिथे मी हात टेकले.

तुमच्या चमूतील सर्वांना पाचवी आवृत्ती आधीच येत असेल आणि रोज दोनदा तरी डोकावण्याची सर्वांची तयारी असेल, तर ‘डी अँड डी’ सोडण्याचे कारण मला दिसत नाही. फक्त प्रतिक्रियांचे काय करायचे ते पहिल्या लढाईआधी ठरवावे. आतेभाऊ गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी येतो, तेव्हा आम्ही पाचही जण एका संध्याकाळी टेबलावर ‘डी अँड डी’च काढतो, आणि ताई आपला शील्डचा मंत्र ज्या क्षणी हवा त्याच क्षणी वापरतात. तो सोलापुरातून परतला की पुढची पोस्ट ‘डंजन वर्ल्ड’ची असते.