सेव्हन छापाची किट कार: किनाऱ्यावर पूर्ण पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

किट कार म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन घरी जोडायची गाडी, आणि सेव्हन म्हणजे लोटसची जुनी, उघडी, दोन सीटची हलकी गाडी. आधी नकोशी वाटणारी गोष्ट. घरी जोडलेल्या गाडीला आपल्याकडे नंबर मिळत नाही. नव्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126व्या नियमाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेची मान्यता लागते आणि एकाच गाडीसाठी तो खटाटोप परवडत नाही. जुन्या मारुती जिप्सीचं आरसी बुक नव्या चॅसिसला लावा, असा सल्ला देणारे भेटतील. गाडीत मनाने बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याच्या आड येतं. ब्रिटनमध्ये एकेक गाडी तपासून नंबर द्यायची सोय आहे, म्हणून तिथले लोक व्हिडिओत किट जोडून थेट रस्त्यावर निघतात. इथे ही गाडी बागेतल्या खासगी रस्त्यावर, नाहीतर ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर. हे मान्य असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

अनुभव आहे तो रत्नागिरीजवळ समुद्राच्या वाऱ्यात उभ्या असणाऱ्या गाडीचा. 25×25 मिमी चौकोनी नळीची, 1.6 मिमी जाडीची स्पेस फ्रेम (नळ्या वेल्ड करून केलेला सांगाडा), बाजूला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, नाक आणि मडगार्ड फायबरचे. जिप्सीचं 1298 सीसीचं एमपीएफआय इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल.

हाच साचा का, तर बाकीचे इथे अडतात. एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती देखणी, पण तिचा सगळा तोल मोठ्या व्ही-8 इंजिनावर बेतलेला. ते इंजिन आणायचं कुठून आणि त्याचा वॉटर पंप गेला तर मागवायचा कुठून? पोर्शे 356 स्पीडस्टरच्या किट बहुतेक फोक्सवॅगन बीटलच्या फ्लोअरपॅनवर (तळाच्या सांगाड्यावर) बसतात आणि चांगली बीटल सापडली तर ती कापायला हात धजावणार नाही. सेव्हन मुळातच घरी जोडण्यासाठी निघालेली गाडी. लोटसने ती 1957 मध्ये आणली तेव्हा ब्रिटनमध्ये सुट्या भागांत घेतली की खरेदी कर वाचत असे. 1973 मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. आकार सरळसोट, पत्र्याला वळण कमी. साधा फॅब्रिकेटरही यात हात घालू शकतो.

परदेशातून अख्खं किट मागवायचा मोह होतो. न्हावाशेव्याला कस्टम्स ‘सुटे भाग’ हे म्हणणं ऐकेलच असं नाही. वर्गीकरणाच्या नियम 2(अ) प्रमाणे न जोडलेली वस्तूही पूर्ण वस्तूच धरली जाते, म्हणजे अंगावर गाडीची ड्युटी येऊ शकते. चॅसिस देशात बनवलेली घेतलेली बरी.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे ‘किटमध्ये काय नाही’ ही यादी लेखी मागा. ब्रेक पाइप, वायरिंग, रेडिएटर, एक्झॉस्ट, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर बहुतेक वेळा त्या यादीत निघतात आणि खर्च किटच्या किमतीइतका पुन्हा चढतो. नंतर टेप घेऊन फ्रेमचे कर्ण मोजा. दोन कर्णांत 2 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर फ्रेम जिगवर (माप पक्कं धरणाऱ्या साच्यावर) बसवून वेल्ड केलेली नाही, सोडून द्या. पुढे स्प्रिंग काढून चाक जॅकने वरखाली 75 मिमी हलवायचं आणि टो (चाकाचं आत-बाहेर वळणं) किती बदलतो ते बघायचं. जेमतेम एक-दोन मिमी चालेल. त्याहून जास्त बदल म्हणजे स्टिअरिंग रॅकची लांबी विशबोनच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) आतल्या बिंदूंशी जुळत नाही. अशी गाडी खड्ड्यात स्वतःच वळते आणि अलाइनमेंट करून ते जात नाही.

जिप्सी घेण्याचं कारण एकच: इंजिन उभं, लांबीत बसलेलं, आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी. ती काढली की गिअरबॉक्सचा फ्लँज सरळ मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला. त्या केसमध्ये हाय रेंजलाही 1.4 च्या आसपास रिडक्शन (फेरे कमी करणं) असतं, ते गेल्याने हलक्या गाडीत गिअर लांब आणि निवांत चालतात. प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करायला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलेलं बरं, लेथवाल्यांचा हात तिथे बसलेला आहे. इंजिनसोबत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), पूर्ण वायरिंग आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) असेल तर त्याची किल्लीही घ्या. एक जरी मागे राहिलं तरी स्टार्टर फिरेल, इंजिन चालू होणार नाही. तोटा अ‍ॅक्सलचा. तो जड आहे, जांभ्याच्या खडबडीत वाटेवर मागची बाजू उड्या मारते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून हे थोडं आटोक्यात येतं, इतकंच. चाकाचे पाच बोल्ट 139.7 मिमी पीसीडीवर (बोल्टच्या वर्तुळाच्या व्यासावर), म्हणून पुढचे हबही विक्रेता त्याच मापाला पाडून देतो का, हे आधी विचारा.

आता गंज. खरी परीक्षा इथेच होते.

पावडर कोटिंग केलेली फ्रेम दिसायला झकास, पण किनाऱ्यासाठी आम्ही घेणार नाही. एक खडा लागून टवका उडाला की खारं पाणी कोटिंगखाली शिरतं आणि वरून चकचकीत असलेला थर आतून फुगत जातो. नखाने उचकटला की पापुद्रा निघतो आणि खाली तपकिरी भुकटी. फ्रेम कोरी मागवा, इथे ब्लास्टिंग (कणांच्या झोताने सफाई) करून इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के पीयू (दोन भाग मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) मारा. टवका उडाला तर पोरसुद्धा ब्रशने दुरुस्त करेल. पत्रा ठोकण्यासाठी नळीला पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी आत जातं, म्हणून रिव्हेट मारून झाल्यावर नळ्यांत कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज रोखणारं मेण) सोडायचं.

लोखंडावर अ‍ॅल्युमिनियम थेट टेकवलं तर खाऱ्या दमटपणात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये पीयू सीलंटचा सलग पट्टा हवा. साध्या पॉप रिव्हेटच्या पोटात लोखंडी खिळा उरतो. श्रावणापर्यंत बाजूच्या पत्र्याच्या अख्ख्या ओळीत प्रत्येक रिव्हेटच्या मधोमध केशरी ठिपका आणि खाली ओघळ, हे दृश्य ठरलेलं. लोखंडी खिळा नसलेले, बंद टोकाचे रिव्हेट घ्या, 4 मिमीचे, 40 ते 50 मिमी अंतराने.

गंजत नाही म्हणून सस्पेन्शनला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावू नका. बाजारातला ए2-70 हा स्टेनलेस बोल्ट ताकदीला 8.8 ग्रेडपेक्षा कमी. जस्त चढवलेले 8.8 किंवा 10.9, नायलॉक (आपोआप न सुटणारे) नट, आणि बुशच्या आतल्या नळीला भरपूर ग्रीस. ग्रीस विसरलात तर बोल्ट आणि नळी एकजीव होतात, मग ग्राइंडरशिवाय सुटत नाहीत. रोझ जॉइंटवर (दांड्यांच्या टोकाच्या गोळ्यासारख्या सांध्यांवर) रबरी टोप्या हव्यातच, वाळू सांध्यांना खाते. ब्रेकच्या नळ्या तांबे-निकेलच्या. डॉट 4 ऑइल हवेतला ओलावा ओढतं, इथे ते दरवर्षी पावसाळा संपला की बदलायचं.

वायरिंगसाठी मिरकरवाड्याला होड्यांचं सामान विकणारे आहेत त्यांच्याकडे कथिल चढवलेली तार मागा. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर ओढावी लागते. नवखे हे विसरतात आणि बल्बला दोष देतात.

फायबरचं म्हणाल तर कोकणाइतकी चांगली जागा नाही. बोटी बनवणारे कारागीर जेलकोटची (फायबरच्या वरच्या चकचकीत थराची) भेग एका शनिवार-रविवारात बुजवून देतात. फक्त मळभ दाटलेलं असताना काम करू देऊ नका. दमटपणात पॉलिएस्टर रेझिन चिकट राहतं, आणि ते लवकर सुकवायला हार्डनर वाढवला तर रेझिन तापून तडकतं. हार्डनर एक ते दोन टक्के, त्यापुढे नाही.

इंजिन तापण्याची तक्रार खरी आहे. नाक अरुंद, गाडी हळू चालते, हवा येत नाही. पंखा 92 अंशाला लागणारा बसवा आणि एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी) रेडिएटरच्या वर ठेवा, नाहीतर हवा अडकते. पाय भाजतात म्हणून एक्झॉस्टला गुंडाळलेली पट्टी साध्या लोखंडाच्या मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) ओल धरून ठेवते आणि ते सडतं. 304 स्टेनलेस स्टीलचं मॅनिफोल्ड असेल तरच पट्टी.

गाडीच्या तळाला पाणी काढायची भोकं पाडून रबरी बूच बसवलेत का, ते डिलिव्हरीच्या वेळीच बघा. आमच्या किटला नव्हते. पॅडलखाली चिखल-पाणी साचायचं. आगोटीआधी, म्हणजे पावसाच्या तोंडाला, गाडी मांगरात (बागेतल्या शेडमध्ये), स्टँडवर, चाकं उचलून. अंगावर ताडपत्री टाकायची नाही, आत घाम धरतो. सुती आच्छादन आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवला तर सीटला बुरशीही लागत नाही.