चर्चच्या जुन्या घंटांसाठी पैसा कुठून उभा करावा: वर्गणी, ऑनलाइन, सीएसआर का परदेशातून?

गेल्या नाताळात आमच्या टॉवरमधली एकच घंटा वाजली. बाकीच्यांना हात लावायचा नाही असं कमिटीनं ठरवलं होतं, कारण ज्या लाकडावर त्या टांगलेल्या आहेत त्याला वाळवी लागलेली दिसली. तेव्हापासून मी या फंडाच्या मागे आहे, आणि आता नागपुरातल्याच दुसऱ्या दोन चर्चच्या मंडळींतले लोक विचारून राहिले का भाऊ तुम्ही पैसा कुठून जमवता, आमच्याकडेपण तीच गत आहे, सुरुवात कुठून करू? फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून झालं, म्हणून एकदा सगळं समोरासमोर ठेवून लिहितो.

पण पैशाच्या आधी काम समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपण "घंटा दुरुस्ती" म्हणतो खरं, पण घंटा स्वतः सहसा बिघडत नाही. ती काशाची असते, साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील, शंभर-सव्वाशे वर्षं तिला काही होत नाही. बिघडतं ते तिच्याभोवतीचं सगळं, म्हणजे वरचं लाकूड, लोखंडी फ्रेम, बेअरिंग, लोलकाचा सांधा, दोर. लोलक वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून तिथे खळगा पडतो, त्यावर उपाय म्हणजे घंटा पाव फेरा फिरवून टांगायची, म्हणजे लोलक नव्या जागेवर लागतो. नवीन घंटा ओतायची गरजच नसते! आणि हिरवा थर घासून चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका, घासून घासून धातू गेला तर आवाज बदलतो. तडा गेला असेल तर गल्लीतल्या वेल्डरला तर अजिबात वर चढवू नका, हा धातू ठिसूळ असतो, चुकीच्या तापमानाला तडा आणखी वाढतो.

हे सांगायचं कारण असं का, घंटेवर कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या साली ओतली ते बहुधा कोरलेलं असतं, त्याचा फोटो आणि वरच्या फ्रेमच्या अवस्थेचा एका स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी रिपोर्ट हातात नसेल तर खालच्या चारपैकी एकाही दारावर जाण्यात अर्थ नाही. लंडनचा व्हाइटचॅपलचा घंटा कारखाना १५७० पासूनचा, तो २०१७ मध्ये बंद झाला, इंग्लंडातल्याच लफबरोचा टेलर कारखाना मात्र अजून चालू आहे, त्यामुळे नाव वाचता आलं तर निदान पत्र कोणाला लिहायचं ते कळतं.

आता वर्गणी. मंडळीतल्या घराघरातून पैसा गोळा करणं, रविवारचं वेगळं दानार्पण, आणि आपल्याकडे सगळ्यात चालणारी गोष्ट म्हणजे हार्वेस्टचा, सुगीच्या सणाचा, लिलाव. ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांना सांगतो, संत्र्यांची टोपली, तुरीची पायली, कोणाच्या घरचा केक, कोंबडी, सगळं वेदीपाशी आणतात आणि मग बाहेर बोली लागते. दोनशेची टोपली दोन हजाराला जाते, कारण घेणाऱ्याला संत्री नको असतात, द्यायचं असतं. या पैशाची खासियत ही का तो लगेच हातात येतो, कोणाला प्रस्ताव द्यावा लागत नाही, आणि खर्च कशावर करायचा ते आपलीच वार्षिक सभा ठरवते. कमी काय? रक्कम. दीडशे घरांच्या मंडळीत लेकरांच्या फिया, लग्नं, दवाखाने सगळं आहेच, त्यांच्याकडून टॉवरची पूर्ण फ्रेम बदलण्याइतका पैसा मागणं मला स्वतःला बरोबर वाटत नाही. अजून एक, चर्चचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर त्याच्याच पावतीपुस्तकावर घ्या. वेगळी "घंटा समिती" काढून तिच्या नावानं पैसा गोळा करायचा असेल तर गणेश मंडळं जशी धर्मादाय कार्यालयातून ४१-क ची, म्हणजे वर्गणी गोळा करायची, परवानगी काढतात तसं करावं लागेल, ते टाळलेलं बरं.

ऑनलाइनबद्दल मी सुरुवातीला लय आशेवर होतो. मिलाप, केटो असल्या देणग्या गोळा करणाऱ्या साइटवर टाकलं का देशभरातून पैसा येईल असं वाटायचं. तसं होत नाही हो. तिथे आजारी लेकरू असतं, उद्याचं ऑपरेशन असतं, त्याच्या शेजारी आपली घंटा. अनोळखी माणूस घंटेला का देईल, आणि मला विचाराल तर त्यानं त्या लेकरालाच आधी द्यावं. देतात ते कोण? आमच्या सदर भागात वाढलेले, इथे बाप्तिस्मा झालेले आणि आता पुण्यात, बंगळूरात, दुबईत असलेले. म्हणजे ही पण वर्गणीच, फक्त लांबची. मग त्यासाठी साइटला कमिशन आणि गेटवेचे पैसे कशाला द्यायचे, चर्चच्या खात्याचा क्यूआर कोड पुरतो. आम्ही त्या एका चालू घंटेचा ४० सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली क्यूआर, बस. कोणी रडले, कोणी फोन केला, आणि तीन पानांच्या आवाहनाला जे उत्तर आलं नव्हतं ते त्या आवाजाला आलं. फक्त खातं ट्रस्टचंच पाहिजे, खजिनदाराचा स्वतःचा नंबर एक दिवसही वापरू नका, माणूस कितीही सज्जन असो.

दुबईचं नाव घेतलं म्हणून परदेशाचं इथेच उरकतो, कारण इथे चूक झाली तर घंटा बाजूला राहते आणि ट्रस्ट अडचणीत येतो. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसताना एक डॉलरही घेता येत नाही, आणि आता नव्यानं मागायची तर ट्रस्ट निदान तीन वर्षं जुना पाहिजे आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेले दाखवावे लागतात, वर खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच. आता बारकावा पहा. दुबईतल्या पुतण्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यानं आपल्या बँकेतून पाठवलं तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण कॅनडातल्या बहिणीनं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही तिची देणगी परदेशी. नागपुरात जन्मली, इथेच शिकली, तरी. तिला हे सांगताना मला वाईट वाटलं, पण सांगितलं. तुमच्याकडे नोंदणी आधीपासून असेल तर हा रस्ता चांगलाच, नसेल तर केवळ घंटांसाठी त्यात शिरू नका. आणि बाहेरून देणगी देणाऱ्या प्रत्येकाकडून पासपोर्टची कॉपी घेऊन ठेवा.

सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांना कायद्यानं समाजकामावर जो पैसा खर्च करावा लागतो त्यावर, जास्त लिहितो, कारण मोठं काम व्हायचं तर ते इथूनच होईल असं माझं मत झालंय आणि लोक मात्र याच दाराला घाबरतात. त्यांना वाटतं चर्च म्हटलं का कंपनी नाही म्हणेल. धार्मिक कामासाठी मागितलं तर खरंच नाही म्हणेल, कारण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पूजा-उपासना बसत नाही. पण त्याच यादीत राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती यांचं जतन आहे आणि त्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींची दुरुस्ती स्पष्ट लिहिली आहे. म्हणून अर्ज टॉवरचा आणि घंटांचा करायचा, उपासनेचा नाही, आणि हे नुसतं कागदावर फिरवायचं नाही तर मनापासून तसं करायचं, म्हणजे काम झाल्यावर टॉवर शाळेच्या पोरांना, कुठल्याही धर्माच्या माणसाला पाहायला उघडा ठेवायचा. आपल्या मराठी मुलखाला चर्चच्या घंटा परक्या नाहीत. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेल्या पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकराला, भीमाशंकरला, मेणवलीला आजही टांगलेल्या आहेत. माझ्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मी हेच लिहिलं. पुण्यात पंचहौदच्या चर्चमध्ये आणि मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आठ-आठ घंटांचा संच आहे, तेपण लिहिलं.

हिशोब असा आहे. मागच्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल (किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी) तर कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावेच लागतात. सरासरी ५ कोटी धरली तर १० लाख. वेकोलि, मॉइल या सरकारी खाण कंपन्यांची मुख्य ऑफिसं नागपुरातच आहेत, तिथे अर्ज जरूर द्या, पण तिथे रांग मोठी. बुटीबोरी, हिंगण्याच्या एमआयडीसीतली मधली कंपनी मला जास्त जवळची वाटते, कारण सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर वेगळी सीएसआर कमिटी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं, म्हणजे मालकाला टॉवरखाली उभं करून घंटा ऐकवता येते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच धावतात, तुम्ही पावसाळ्यातच जा.

कागद मात्र लागतात. ट्रस्टचा १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी), ८०जी (देणगी देणाऱ्याला करसवलत), आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ चा, म्हणजे सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेचा, नोंदणी नंबर. फक्त धार्मिक ट्रस्टला ८०जी सहसा मिळत नाही, त्यामुळे बऱ्याच चर्चचं गाडं इथेच अडतं, आणि मग वारसा जतनाचं काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत पैसा आणावा लागतो. आमचं तेच चाललंय. त्यात वेळ जातो, हिशोब त्यांचाही ठेवावा लागतो आणि इमारत ज्या ट्रस्टच्या नावावर आहे त्याचं संमतीपत्र वेगळं. इमारत शहराच्या हेरिटेज यादीत असेल तर हेरिटेज समितीची परवानगी आधी काढा, ती तशीही लागतेच आणि कंपनीसमोर तिचं वजन पडतं.

८०जीवरून एक सांगतो. ओळखीच्या एका मंडळीनं पावतीवर "करसवलत पात्र" छापून टाकलं आणि नंतर प्रत्येकाला फोन करून माफी मागत बसावं लागलं. ऐतिहासिक महत्त्वाची म्हणून केंद्रानं अधिसूचित केलेल्या चर्चच्या दुरुस्तीला सवलत मिळते, प्रत्येक जुन्या चर्चला नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला तर मिळतच नाही. सीएला विचारल्याशिवाय काही छापू नका.

मग निवडायचं काय? तुमचा रिपोर्ट म्हणत असेल का फ्रेम ठीक आहे, फक्त लोलक, दोर आणि बेअरिंगचं काम आहे, तर वर्गणी आणि क्यूआरच्या बाहेर जाऊच नका, एका हार्वेस्टमध्ये आणि एका कॅरोल संध्याकाळीत होऊन जाईल. फ्रेम गेली असेल तर पैशाचे दोन भाग करा. कबुतरांची जाळी, वाळवीचं औषध, घंटा तात्पुरत्या सुरक्षित टेकवणं, हे आपल्या लोकांच्या पैशातून आधी करा, आणि फ्रेम सीएसआरला दाखवा. उलटं केलं, म्हणजे आधी कंपनीकडे गेलात, तर पहिला प्रश्न येतो का तुमच्या लोकांनी किती दिले, आणि तेव्हा पावतीपुस्तक कोरं असेल तर खाली पाहावं लागतं.

आणि एक दाता तुम्हाला नक्की भेटेल जो म्हणेल, सगळं सोडा, मी वर स्पीकर आणि रेकॉर्ड केलेल्या घंटांचं मशीन बसवून देतो, उद्याच. आम्हालापण भेटला, माणूस चांगला, मनापासून देत होता. आम्ही हात जोडून नाही म्हटलं. मशीन लागलं असतं तर त्या घंटा परत कधी वाजल्या नसत्या, कारण आवाज येऊन राहिला म्हटल्यावर वर कोण चढतं.

पैसा येईपर्यंत एकच पाळा, लोलकाला दोर बांधून खालून ओढायची सवय असेल तर ती आजच बंद करा. ओढलेला लोलक घंटेला दाबून राहतो आणि चांगल्या घंटेला त्यानंच तडा जातो. आमच्या म्हाताऱ्या सेवकाला हे समजावायला मला दोन रविवार लागले, आता तो दुसऱ्यांना सांगतो.