मूल लंगडतंय: सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं?

रात्री पोटऱ्या धरून रडणं, तेल लावून चेपल्यावर झोपणं आणि सकाळी घरभर हुंदडणं, हे वाढीचं दुखणं. साधारण 3 ते 12 वर्षांत, बहुधा दोन्ही पायांत. यात मूल लंगडत नाही. सकाळीही एकच पाय ओढत असेल, तर ‘हाडं वाढतायत’ म्हणून सोडून देऊ नका.

खरी पंचाईत खुब्याच्या दोन दुखण्यांत होते. पहिलं म्हणजे सर्दी-पडशानंतर सांध्याला येणारी तात्पुरती सूज. वय बहुधा 3 ते 8, मुलग्यांत जास्त. ताप नसतो, फार तर कणकण. मूल लंगडत का होईना, चालतं. आराम आणि डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलं आयबुप्रोफेन, एवढ्यावर आठवडा-दोन आठवड्यांत उतरते.

दुसरं म्हणजे सांध्यात पू. मूल पाय टेकवतच नाही, तान्हं असेल तर लंगोट बदलतानाही किंचाळतं. 1999 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी चार खुणा मांडल्या: 38.5 अंश सेल्सिअसच्या वर ताप, पायावर भार न घेणं, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) 40 च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर. चारही जुळल्या तर पूच धरून चालतात. सोनोग्राफीत पाणी दोन्हींत दिसतं, म्हणून नुसत्या तिच्यावर निकाल लागत नाही; सुईने पाणी काढून तपासावं लागतं. उशिराने कूर्चा, म्हणजे सांध्यातलं हाडावरचं गुळगुळीत अस्तर, कायमची खराब होते. तेव्हा ताप आणि पाय न टेकवणं एकत्र आलं की रात्रीच निघायचं, तेही ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात. घरी पॅरासिटामॉल दिलं असेल तर आधी सांगा, ताप दबलेला असतो.

शाळकरी मूल गुडघा दाखवतं आणि दोष खुब्यात निघतो, हे नेहमीचं. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आला म्हणून निवांत होऊ नका. 10 ते 16 वयाच्या, विशेषतः वजनदार मुलांत मांडीच्या हाडाचा गोळा सरकतो. अशा मुलाला चालवू नका, उचलून न्या आणि खुब्याचा एक्स-रे समोरून व बाजूने, दोन्हीकडून मागा. 4 ते 8 वयात आठवडेच्या आठवडे थोडंथोडं लंगडणं म्हणजे पर्थीसचा, खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याच्या आजाराचा, संशय. त्यात पहिला एक्स-रे स्वच्छही येतो.

दुखण्यासोबत मूल फिकट पडलं, न लागता काळेनिळे डाग उठले, तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) त्याच दिवशी करा. रक्ताचा कर्करोग कधीकधी असाच सुरू होतो.

आणि पाय ‘बसवायला’ हाडवैद्याकडे? तपासणीआधी मुळीच नाही. सरकलेला गोळा ओढाताणीत आणखी सरकतो.