हात वर की थेट नाव?

इंग्रजीच्या तासाला प्रश्न विचारला, तर उत्तर कोणाकडून घ्यायचं? हात वर करणाऱ्याकडून, की शिक्षकांनीच नाव घेऊन? वर्गातलं लक्ष आणि गडबड, दोन्ही बऱ्याच अंशी यावर ठरतं.

हात वर करण्याची पद्धत सौम्य. तयारी नसलेल्याची फजिती होत नाही. पण रोज तेच चार-पाच हात दिसतात. आपली पाळी येणार नाही हे बाकीच्यांना कळून चुकतं आणि मागच्या बाकांवर गप्पा रंगतात. तिथं दटावून फारसा उपयोग नाही; त्या मुलांना करायला काही नसतं, एवढंच.

नाव घेण्यात क्रम महत्त्वाचा. ‘राहुल, व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ म्हटलं की राहुल सोडून सगळे सुटले. आधी प्रश्न, मग थांबणं, शेवटी नाव. म्हणजे तोवर प्रत्येकाला मनात वाक्य जुळवावं लागतं. शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, असं अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प राहणारे कमी झाले. परक्या भाषेत तर हा वेळ हवाच. नाव चिठ्ठीतून काढलं तर पक्षपाताची कुरकुरही थांबते.

तोटा एकच, पण मोठा: सगळ्यांसमोर अडखळण्याची भीती. त्यासाठी आधी शेजाऱ्याशी अर्धा मिनिट बोलू द्यावं.

माझा कौल नाव घेण्याला. वर्ग अगदी नवा असेल किंवा खासगी मत विचारायचं असेल, तर मात्र हात वर करूनच.