रोमिंग पॅक, तिथलं सिम की ई-सिम? युरोपला निघताना फोनचं काय करायचं

युरोपचा व्हिसा हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तिकडे फोन कसा वापरायचा. मार्ग तीन आहेत. इथल्याच कंपनीचा इंटरनॅशनल रोमिंग पॅक मारायचा, तिथे उतरून लोकल सिम घ्यायचं, नाहीतर ट्रॅव्हल ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये डाउनलोड करायचं सिम) टाकून जायचं. मी तिन्ही वापरलेत, म्हणून आपल्याकडचे बहुतेक लोक करतात तो पॅरिस-स्वित्झर्लंड-इटली रूट धरून सांगतो. पॅकचे दर इथे लिहीत नाही, ते सारखे बदलतात, निघायच्या आठवड्यात अ‍ॅपवर बघून घ्या.

रोमिंग पॅकला डोक्याला ताप सगळ्यात कमी. नंबर तोच, सिम तेच, ऑफिसचा फोन येतो, बँकेचे मेसेज येतात, गावाकडे बटणाचा फोन वापरणाऱ्या आजीला पण पॅकमधल्या मिनिटांतून सरळ फोन लावता येतो (आधी यासाठी लोक स्काइपमध्ये थोडे पैसे भरून ठेवायचे, ते मे २०२५ मध्ये बंद झालं). चार-पाच दिवसांसाठी जाताय आणि बिल कंपनी भरणार असेल तर खरंच दुसरं काही बघू नका. स्वतःच्या खिशातून दोन आठवड्यांचा पॅक घ्यायचा झाला की मात्र तो महाग वाटायला लागतो, आणि तेवढे पैसे देऊनही डेटा जपूनच वापरायचा. पॅकमध्ये कुठले देश आहेत ती यादी नीट वाचा, विमान बदलणार तो देश धरून, कारण बऱ्याच पॅकचे दिवस बाहेरचं नेटवर्क पकडल्यापासून मोजले जातात. मी तरी मधल्या विमानतळावर फ्लाइट मोड काढत नाही, तिथलं वायफाय पुरतं. अजून एक, रोमिंगचा डेटा बहुतेक वेळा आपल्या भारतातल्या कंपनीकडून फिरून येतो, त्यामुळे मला तरी मॅप उघडताना तो सुस्त वाटला, अर्थात हे शहराप्रमाणे बदलत असेल. चीनला जाणाऱ्यांना मात्र हेच उपयोगी पडतं, तिथल्या लोकल सिमवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं.

लोकल सिम दिसायला सगळ्यात स्वस्त, आणि युरोपमध्ये त्याची एक मोठी सोय आहे. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही देशाचं सिम बाकीच्या सदस्य देशांमध्ये त्याच दरात चालतं, म्हणजे फ्रान्समध्ये घेतलेलं इटलीत चालणार, डेटाला थोडीफार मर्यादा असू शकते एवढंच. नॉर्वे आणि आइसलँड युनियनमध्ये नसूनही यात आहेत. पण स्वित्झर्लंड नाही!! आणि आपला रूट तर तिथूनच जातो. पॅरिसहून बासेलची ट्रेन पकडली की हद्द ओलांडल्यावर फ्रेंच सिमचा डेटा बंद होऊ शकतो किंवा वेगळ्या दराने पैसे कापले जाऊ शकतात, काही सिममध्ये स्वित्झर्लंड वेगळा दिलेला असतो पण ते पाकिटावर बारीक अक्षरात असतं. ब्रिटनचंही तेच, ब्रेक्झिटनंतर तो देश या नियमातून बाहेर गेला. म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या जुंगफ्राऊ शिखरावर जाऊन घरच्यांना व्हिडिओ कॉल लावायचा बेत असेल तर हे आधीच बघून ठेवा.

तरीही हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय ठरला तो ओटीपीवरून.

माझ्या फोनला सिमची खाच एकच आहे, दुसरी सोय ई-सिमची. लोकल सिम घालायचं म्हणजे भारतीय सिम काढून पाकिटात ठेवायचं. आता पॅरिसमध्ये रस्त्यावर उभं राहून म्युझियमचा स्लॉट बुक करताय, कार्ड नंबर टाकला, पुढचं पान आलं की ओटीपी टाका. ओटीपी गेला भारतीय नंबरवर, तो पाकिटात. सिम काढायची पिन शोधून ते बदलायचं तर फ्रेंच सिम निघालं की नेट गेलं, भारतीय सिमने नेटवर्क शोधून मेसेज दाखवेपर्यंत पेमेंटचं पान संपलेलं, मग पुन्हा फ्रेंच सिम, पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि तोवर हवा तो स्लॉट गेलेला. नेट एका सिमवर, ओटीपी दुसऱ्यावर आणि खाच एक. यावर उपाय म्हणजे सगळी बुकिंग रात्री हॉटेलच्या वायफायवर भारतीय सिम घालून करायची. पण गाडी चुकली म्हणून दुसरं तिकीट काढायचं असतं ते स्टेशनवर, भर दुपारी, बरोबर आई-बाबा उभे असताना, तेव्हा हॉटेलचं वायफाय काय कामाचं.

आणि हे फक्त तिकिटापुरतं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर कार्डाचा परदेशी वापर आपणच अ‍ॅपमधून चालू करायचा असतो, लिमिटही तिथेच ठरते, म्हणजे प्रवासात लिमिट वाढवायची वेळ आली की बँकेचं अ‍ॅप उघडणं आलं. बऱ्याच अ‍ॅपना रजिस्टर केलेलं सिम फोनमध्ये दिसलं नाही की ती पुन्हा नोंदणी करा म्हणतात, आणि त्या नोंदणीसाठी फोन स्वतः एक एसएमएस पाठवतो, तो परदेशातून गेला की रोमिंगच्या दराने. फुकटच्या वायफायलाही अनेक ठिकाणी मोबाइल नंबर टाकून कोड मागवावा लागतो. काही बँका ओटीपी ईमेलवर पण पाठवतात, तुमची पाठवत असेल तर तुमचा त्रास निम्मा होईल. माझी पाठवत नाही.

तुमच्या फोनला दोन सिमच्या खाचा असतील आणि त्यातली एक रिकामी करता येत असेल तर वरचं सगळं तुम्हाला लागू नाही, लोकल सिम खुशाल घ्या. पण आपल्याकडे दोन्ही खाचांमध्ये भारतीय सिमच असतात, एक घरचा नंबर आणि एक ऑफिसचा, मग कुठलं काढायचं हा प्रश्न पडतोच.

ई-सिममध्ये हा घोळ नाही. भारतीय सिम जागचं हलत नाही, ई-सिमवर फक्त नेट. फोनला ई-सिम चालतं का हे बघायला डायलरवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, यादीत ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला की चालतं. घरीच वायफायवर टाकून ठेवायचं, कंपनीने पाठवलेला क्यूआर कोड दुसऱ्या स्क्रीनवर उघडायचा म्हणजे स्कॅन करता येतो, आणि उतरल्यावर लाइन चालू करायची. सेटिंगमध्ये लोक एका ठिकाणी हमखास अडकतात म्हणून नीट सांगतो. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, पण ई-सिमचं डेटा रोमिंग बहुतेक वेळा चालू करावं लागतं, नाहीतर नेटवर्कच्या काड्या दिसतात आणि नेट येत नाही. आयफोनवर अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग बंद करून टाका, म्हणजे फोन आपोआप भारतीय सिमच्या डेटावर जाणार नाही. भारतीय सिमवर फोन आला तर उचलू नका, पॅक नसताना उचललेल्या मिनिटाचे पैसे लागतात, कट करून व्हॉट्सअ‍ॅपवरून लावा. मेसेज येण्याचे पैसे माझ्या पोस्टपेडवर लागले नाहीत, पण रोमिंग सेवा आधी चालू करून ठेवावी लागते आणि प्रीपेडवाल्यांना त्यासाठी छोटा पॅक लागू शकतो, निघण्याआधी विचारून घ्या.

उणी बाजू पण आहे. बहुतेक ट्रॅव्हल ई-सिमवर फोन नंबर मिळत नाही, म्हणजे हॉटेलवाल्याला साधा फोन लावायचा तर अडतं. अनलिमिटेड लिहिलेल्या काही पॅकवर हॉटस्पॉटला मर्यादा असते, घरातले चौघं एकाच फोनवर चालवणार असाल तर हे आधी तपासा. युरोपचा पॅक घेताना यादीत स्वित्झर्लंड शोधा, इथेही तोच प्रश्न. आणि कोणाकडून घेताय ते बघा, भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते, जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही अ‍ॅप याच कारणाने इथल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढली गेली होती. एनओसी असलेल्या कंपनीकडून घेतलं तर थोडे जास्त पडतील, पण मला तरी ते बरं वाटतं.

मुलगा-सून किंवा लेक-जावई जर्मनीत किंवा अमेरिकेत आहेत आणि तुम्ही चार-सहा महिने राहायला चाललात, तर मात्र मी ई-सिम सुचवणार नाही. तिथे लोकल नंबर हवाच, डॉक्टरची अपॉइंटमेंट, शेजारीपाजारी, नातवाची शाळा, सगळ्यांना तो लागतो. मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन घालून घेतली तर स्वस्त पडते. भारतीय सिम एखाद्या जुन्या फोनमध्ये घालून घरात चार्जिंगला ठेवा, ओटीपी त्यावर येत राहतील, आणि निघण्याआधी परत येईपर्यंत पुरेल एवढ्या व्हॅलिडिटीचा रिचार्ज मारा, किंवा इथे कोणाला तरी वेळेवर मारायला सांगून ठेवा.

दोन-तीन आठवडे, दोन-तीन देश आणि ई-सिम चालणारा फोन असेल तर माझं मत ई-सिमलाच, भारतीय सिम आत ठेवून. आई-बाबांच्या फोनला ई-सिम चालत नसेल तर दोघांपैकी एकाच्या नंबरवर रोमिंग पॅक घ्या, बाकी त्यांना तुमच्या हॉटस्पॉटवर ठेवा. ते बाजारात मागे राहिले आणि तुम्ही पुढे गेलात, तर त्यांना फोन लावता आला पाहिजे.